यातलं तोरोमिरो कोणतं?



ज्या सरांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या तासाला वनस्पतीचं शास्त्रीय नाव चुकलं की अर्धा गुण जायचा आणि नावामागचा लेखक विसरला की उरलेला अर्धा. नावांवर त्यांचा भारी जीव. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी मुद्दाम असं झाड निवडलं आहे, ज्याच्या नावाचा दीडशे-दोनशे वर्षं घोळ चालला आणि त्या घोळाची किंमत शेवटी झाडाच्या अस्तित्वालाच मोजावी लागेल की काय, अशी वेळ आली.

झाडाचं नाव तोरोमिरो. गाव रापा नुई, म्हणजे शाळेच्या नकाशात आपण ज्याला ईस्टर बेट म्हणून शोधत असू ते. दगडी मोआई पुतळ्यांचं बेट. विस्तार सुमारे १६४ चौरस किलोमीटर, बृहन्मुंबईच्या पाव भागाहून जरासा जास्त. चिलीचा किनारा तिथून साडेतीन हजार किलोमीटर लांब. बेटाच्याही नावांची गंमतच आहे. डच दर्यावर्दी याकोब रोखेवेन १७२२ मध्ये ईस्टरच्या रविवारी तिथे पोहोचला, म्हणून ते ईस्टर बेट झालं. १७७० मध्ये स्पॅनिश आले आणि त्यांनी आपल्या राजाच्या नावावरून त्याला सान कार्लोस म्हटलं. रापा नुई हे नाव लेखी वापरात आलं ते एकोणिसाव्या शतकात. जिथे बेटालाच येणारा प्रत्येकजण नवीन नाव देतो, तिथे झुडपाची काय कथा!

तोरोमिरो झुडूपवजाच. माणसाच्या डोक्यावरून थोडं जाईल एवढी उंची, बारीक लवदार पर्णिकांची संयुक्त पानं, पिवळी फुलं. शेंग बाभळीच्या शेंगेसारखी, दोन बियांच्या मध्ये आवळलेली. कुळ आपल्या तुरीचं, हरभऱ्याचं, पांगाऱ्याचं : शिंबावंत. लाकूड तांबूस, घट्ट आणि जड. पुतळे वाहून नेण्यासाठी या झाडाचे ओंडके वापरले, असं पर्यटकांना सांगणारे महाभाग असतात. त्यांनी तोरोमिरोचं खोड एकदा पाहावं. त्यावर मोआई ठेवला तर खोडाचा भुगा होईल. रापा नुईच्या माणसांनी या लाकडातून घडवल्या त्या लहान वस्तू, आणि त्यातही विशेष म्हणजे मोआई कावाकावा : बरगड्या निघालेल्या, पोट खपाटीला गेलेल्या, गालफडं बसलेल्या माणसाच्या लाकडी मूर्ती. हातभर उंचीच्या या मूर्तीची एकेक बरगडी वेगळी कोरलेली असते. इतकं बारीक काम धरून ठेवायला तसंच घट्ट लाकूड हवं.

आता घोळाकडे येऊ.

मार्च १७७४ मध्ये कॅप्टन कुकचं रेझोल्यूशन जहाज बेटाला लागलं. जहाजावर योहान राइनहोल्ड फॉर्स्टर आणि त्याचा मुलगा गेऑर्ग हे दोन निसर्गअभ्यासक होते. मुलाने प्रवासवर्णनात नोंदवलं, की इथे मिमोसाच्या जातीचं एक झुडूप आहे, आणि सोटे, गदा करायला किंवा होडीला ठिगळ लावायला लोकांजवळ तेवढंच लाकूड आहे. मिमोसा म्हणजे लाजाळूची प्रजाती. त्या काळी बाभूळही त्यातच धरत. पिसासारखी पानं पाहून नाव सुचलं असणार. त्याला दोष द्यायचं कारण नाही. बोटीवरून उतरून दोन-चार दिवसांत बेटभर फिरणाऱ्या विशीच्या पोराने पहिल्या नजरेत कुळ बरोबर ओळखलं, हेही कमी नाही. पण छापील जगातली तोरोमिरोची पहिली ओळख अशी चुकीची झाली.

दुसरी ओळख झाली ती भावकीमुळे. न्यूझीलंडमध्ये कोफाय नावाची पिवळ्या फुलांची झाडं आहेत. कुकच्या पहिल्या सफरीत बँक्स आणि सोलँडर यांनी ती गोळा केली आणि त्यातल्या एका जातीला १७८० मध्ये सोफोरा टेट्राप्टेरा हे नाव छापून मिळालं. त्यानंतर प्रशांत महासागराच्या दक्षिण भागात पिवळ्या फुलांचा, आवळलेल्या शेंगांचा सोफोरा कुठेही दिसो, तो टेट्राप्टेराच्या खात्यावर जमा व्हायला लागला. रापा नुईचं झाडही तिथेच जमा झालं. म्हणजे जगात फक्त त्या एका बेटावर असलेली जात कागदोपत्री न्यूझीलंडची एक शाखा ठरली. एखादी जात स्वतंत्र आहे हेच जिथे मान्य नाही, तिथे ती संपत आली म्हणून हळहळणार कोण?

मधल्या काळात आणखी एक वळण आलं. १८०८ मध्ये सॉल्सबरी या इंग्रज वनस्पतिज्ञाने कोफायसारख्या सोफोरांना वेगळं काढून एडवर्ड्सिया ही नवी प्रजाती केली, वनस्पतींची चित्रं काढणाऱ्या सिडनहॅम एडवर्ड्स या चित्रकाराच्या सन्मानार्थ. जाता जाता सांगतो, एडवर्ड्सिया नावाचे समुद्रफूल वर्गातले प्राणीही आहेत. त्यांचं नाव दुसऱ्याच एडवर्ड्सवरून, मिल्न-एडवर्ड्स या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञावरून पडलं. वनस्पतींची नामसंहिता निराळी, प्राण्यांची निराळी, त्यामुळे एक झाड आणि एक समुद्री जीव एकाच नावाने सुखाने नांदू शकतात. सरांना हा किस्सा सांगितला असता तर ते हसले असते आणि लगेच दोन्ही लेखकांची नावं विचारली असती.

तोरोमिरोला स्वतःचं नाव मिळालं ते १८७३ मध्ये. रोडोल्फो आमान्दो फिलिप्पी हा जन्माने जर्मन, कर्माने चिलीचा. सान्तियागोत बसून त्याने चिलीच्या वनस्पतींचा प्रचंड पसारा आवरला. रापा नुईचे नमुने त्याच्याकडे आले तेव्हा त्याने झाडाला एडवर्ड्सिया तोरोमिरो म्हटलं. मला या नावातला दुसरा शब्द महत्त्वाचा वाटतो. फिलिप्पीने कुणा गव्हर्नरचं, राजाचं, मित्राचं नाव झाडाला चिकटवलं नाही. बेटावरची माणसं जे म्हणत तेच लॅटिनच्या शेजारी बसवलं. पुढे विसाव्या शतकाच्या विशीत स्वीडनचा कार्ल स्कॉट्सबर्ग याने एडवर्ड्सिया मोडीत काढून झाड पुन्हा सोफोरात आणलं, पण जातिवाचक शब्द तोच ठेवला. ठेवावाच लागतो, प्रजाती बदलली तरी जातीचं नाव बरोबर न्यायचं, असा नियम आहे. म्हणून आज सोफोरा तोरोमिरोच्या मागे कंसात फिलिप्पी आणि कंसाबाहेर स्कॉट्सबर्ग असे दोघे उभे असतात. कंसातला बारसं करणारा, बाहेरचा घर बदलून देणारा.

ज्यांनी मुंबईत झेवियर्सचं ब्लॅटर हर्बेरियम किंवा पुण्यात आघारकर संस्थेतला संग्रह पाहिला आहे, त्यांना हा प्रकार नवा नाही. जुन्या नमुन्याच्या कागदावर वाळून तपकिरी झालेली फांदी असते, खाली मूळ चिठ्ठी असते आणि तिच्या वर-खाली, जागा मिळेल तिथे, पुढच्या तज्ज्ञांनी चिकटवलेल्या छोट्या चिठ्ठ्या असतात. हे अमुक नाही, तमुक आहे. तमुक नाही, पहिलंच बरोबर. प्रत्येक चिठ्ठीवर सही आणि साल. बाहेरच्या माणसाला यात शास्त्रज्ञांची भांडणं दिसतात. मला त्यात हिशेब चोख ठेवण्याची सवय दिसते, कारण जुनी चिठ्ठी कुणी फाडत नाही.

इतका घोळ झाला तरी का? माणसांचा दोष थोडा, झाडांचाच जास्त. या गटातल्या सोफोरांची बी टणक कवचाची असते आणि पाण्यावर तरंगते. १९६८ मध्ये साइक्स आणि गॉडली या न्यूझीलंडच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की ती समुद्रात दीर्घकाळ राहूनही रुजू शकते. अशा बिया प्रवाहांवर स्वार होऊन न्यूझीलंड, चिली, हुआन फेर्नांदेस, लॉर्ड हाव, हवाई आणि थेट हिंदी महासागरातल्या रेयुनियों बेटापर्यंत पोहोचल्या. पुढे डीएनएचा अभ्यास झाला तेव्हा कळलं, की हा सगळा फैलाव भूशास्त्रीय हिशेबाने अगदी अलीकडचा आणि झपाट्याने झालेला आहे. बहिणी-बहिणींना वेगळं व्हायला पुरेसा वेळच मिळालेला नाही. फुलं जवळजवळ तशीच, शेंगा तशाच; फरक काढायचा तर पर्णिकांचा आकार, त्यांवरची लव, पाकळ्यांची ठेवण असल्या बारकाव्यांत शिरावं लागतं.

बेटावरच्या एका परंपरेनुसार हे झाड आदिपुरुष होतू मातुआने बरोबर आणलं. विवरांच्या तळच्या गाळाचं म्हणणं वेगळं आहे. जॉन फ्लेनली या शास्त्रज्ञाने बेटावरच्या ज्वालामुखी विवरांत नळ्या खुपसून गाळाचे उभे थर काढले आणि त्यातले परागकण मोजले. तीस हजारांहून जास्त वर्षांच्या त्या गाळात सोफोराचे पराग आहेत. माणूस बेटावर पोहोचला तो फार तर हजारेक वर्षांपूर्वी. झाड आपल्या पायाने, म्हणजे आपल्या बीने आलं.

स्थानिक नावाचंही एक उपप्रकरण आहे, आणि त्यात आपली ओळखीची झाडं येतात. पॉलिनेशियात ताहितीसारख्या बेटांवर मिरो म्हणतात ते थेस्पेसिया पॉप्युल्निया, म्हणजे आपल्या कोकण किनाऱ्यावरची परसभेंडी, मुंबईच्या रस्त्यांवर पारसपिंपळ म्हणून उभी असते ती. रापा नुईत तिचं नाव माकोई, आणि मिरो म्हणजे तिथे एकंदरीने लाकूड किंवा झाड. बाहेरून आलेल्या बकाणनिंबाला ते मिरो ताहिती म्हणतात. या मिरो-मिरोच्या गर्दीत पुष्कळ वर्षं असं छापलं जात होतं, की रोंगोरोंगो ही बेटाची न उलगडलेली लिपी ज्या फळ्यांवर कोरली आहे त्या तोरोमिरोच्या आहेत. कॅथरीन ऑर्लियाक या फ्रेंच संशोधिकेने लाकडाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या तेव्हा त्यातल्या काही प्रसिद्ध फळ्या परसभेंडीच्या निघाल्या. उलट कावाकावा मूर्तींत तोरोमिरो खरोखर सापडलं. संग्रहालयातल्या पाटीवर विश्वास किती ठेवायचा, याचा हा पहिला धडा. दुसरा आणखी कडू आहे, पण त्याआधी झाड रानातून कसं गेलं ते पाहू.

बेटावर झाडं आधीच कमी झाली होती : शेती, आग, उंदीर, यांत पामची जंगलं गेली. कोणाचा वाटा किती, यावर विद्वान अजून हातघाईवर येतात. मी त्यात पडत नाही. पण एकोणिसाव्या शतकात जे घडलं त्याबद्दल वाद नाही. १८६२ पासून पेरूच्या गुलाम पकडणाऱ्या टोळ्यांनी हजारावर माणसं पळवली. काही परत आली ती देवी घेऊन. १८७७ मध्ये बेटावर मूळ रहिवासी उरले अवघे १११. झाडाची नावं, जागा, उपयोग ज्यांच्या तोंडी होते ती माणसंच गेली. १८८८ मध्ये चिलीने बेट ताब्यात घेतलं आणि लवकरच ते मेंढ्यांचा मळा म्हणून कंपनीला भाड्याने दिलं. १९५३ पर्यंत हा कारभार चालला. मेंढ्यांची संख्या सत्तर हजारांपर्यंत गेली. लोकांना एका गावात कोंडून बाकी बेट मेंढ्यांना मोकळं. कुठे एखादं रोप उगवलंच, तर त्याचा पाला झाला.

स्कॉट्सबर्ग १९१७ मध्ये बेटावर गेला तेव्हा त्याला तोरोमिरोचं एकच झाड सापडलं, रानो काऊ या विवराच्या आतल्या उतारावर. दीड किलोमीटर रुंदीचं हे विवर. तळाशी पाणी, वर उभे कडे. वाऱ्यापासून आडोसा आणि जनावरांना अवघड वाट, एवढ्यावर ते तगून होतं. १९५५-५६ मध्ये थोर हायरडाल तिथे उत्खननाला गेला. कॉन-टिकी तराफ्याच्या सफरीमुळे मराठी वाचक त्याला ओळखतात. त्याने झाडाच्या शेंगा स्वीडनला आणून दिल्या आणि त्या गोटेनबर्गच्या वनस्पती उद्यानात रुजल्या. दक्षिण अमेरिकेतून लोक पॉलिनेशियात गेले हा त्याचा आवडता सिद्धान्त आज कुणी तसाच्या तसा मानत नाही. पण मोठमोठे सिद्धान्त मांडणाऱ्या माणसाच्या नावावर सर्वांत टिकाऊ काम म्हणून मूठभर शेंगा जमा असाव्यात, यात त्याला कमीपणा नाही. १९६० च्या आसपास विवरातलं झाड गेलं. सरपणाला तोडलं असं सांगतात. तेव्हापासून तोरोमिरो जंगलातून नाहीसं झालं.

आणि इथून नावाचा प्रश्न पुस्तकी राहिला नाही. रानात झाड असतं तेव्हा शंका आली तर तिथे जाऊन पडताळता येतं. रान संपलं की उरतात त्या उद्यानांतल्या पाट्या. जर्मनीतलं बॉन, चिलीतलं विन्या देल मार, लंडनजवळचं क्यू, शिवाय हौशी बागवाल्यांच्या खासगी बागा, ठिकठिकाणी तोरोमिरोच्या पाट्या होत्या. नाव गाजलेलं, कथा करुण, त्यामुळे रोपाला मागणी. आणि सोफोरा पिवळं फूल देतो तेव्हा तो कोफाय आहे की तोरोमिरो, हे गिऱ्हाइकाला काय कळणार! फिलिप्पीने प्रेमाने जपलेलं बेटावरचं नाव आता कुठल्याही सोफोराच्या कुंडीवर चढायला लागलं.

शेवटी नव्वदच्या दशकात माइक माँडर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाट्या बाजूला ठेवून झाडंच तपासायला घेतली. पानाफुलांची मापं, जुन्या नोंदी आणि डीएनएचे ठसे एकत्र पाहून त्यांनी १९९९ मध्ये तोरोमिरोची वंशावळ मांडली. त्यात काही झाडं अस्सल ठरली आणि काही दुसऱ्याच सोफोरा. अस्सल ठरली त्यांच्यातही विविधता अगदी तुटपुंजी. एकाच झाडाची लेकरं म्हटल्यावर दुसरं काय होणार.

इथे मी जरा थांबणार आहे, कारण ही गाठ मला सर्वांत अवघड वाटते. समजा, एखाद्या जुन्या बागेत तोरोमिरोची पाटी असलेलं झाड आहे आणि त्याचे जनुक गोटेनबर्गच्या झाडांशी जुळत नाहीत. याचे दोन अर्थ होतात. एक, ते तोतया आहे, कोफाय किंवा संकर. दुसरा, शेवटच्या झाडाच्या आधी, कधीतरी, कुणीतरी बेटावरून नेलेल्या दुसऱ्या झाडाचं ते वंशज आहे. पहिला अर्थ खरा तर त्याला बेटाजवळ फिरकू देता कामा नये. दुसरा खरा तर त्याच्याइतकं मोलाचं झाड जगात नाही, कारण मावस-चुलतांत लग्नं लावून क्षीण होत चाललेल्या घराण्याला तेच नवं रक्त देईल. आणि दोन्ही झाडं वरून पाहता सारखीच. अशा वेळी उपयोगी पडते ती बागेची आवकवही : बी कुणी दिलं, कधी दिलं, कुठून आणलं. ज्या बागेच्या कारकुनाने पन्नास वर्षांपूर्वी ती ओळ नीट लिहिली, त्याने शास्त्रज्ञापेक्षा कमी काम केलेलं नाही. आपल्याकडच्या उद्यानांत रोपं येतात आणि नुसती पाटी रोवली जाते, हे पाहून मला म्हणूनच राग येतो.

पुढची अडचण अशी, की या गटातल्या जाती बागेत शेजारी लावल्या तर एकमेकींशी सहज संकर करतात. म्हणजे अस्सल तोरोमिरोच्या फांदीवरून, आपल्या हाताने तोडलेल्या शेंगेतलं बीसुद्धा अस्सल असेलच असं नाही. पलीकडच्या ताटव्यात कोफाय फुललेला असेल तर माशी आपलं काम करून गेलेली असते. म्हणून फुलं झाकायची, पराग हाताने लावायचे, किंवा बियांची वाटच सोडून फांद्यांपासून रोपं करायची. बी घ्यायचंच तर कवच कानशीने घासायचं, आतला फिका रंग दिसला की थांबायचं, मग पाण्यात टाकायचं. घासलेलं बी रात्रीत टचटचीत फुगतं. न घासलेलं आठवडाभर तसंच खडखडीत पडून राहतं. समुद्र ओलांडायला जे कवच कामी आलं, तेच रोपवाटिकेत आडवं येतं.

ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकांत युरोपातून रोपं रापा नुईला परत नेली. बहुतेक मेली. तीस-चाळीस वर्षांच्या गैरहजेरीत त्यांचं घर बदललं होतं : मेंढ्यांनी उघडी पाडलेली, वाऱ्याने खरवडलेली माती, नव्याने आलेली गवतं, मुळांना लागणारे सूत्रकृमी. त्यात हे शिंबावंत झाड. त्याच्या मुळांवर गाठी धरायला जमिनीत त्याचे जिवाणू हवेत. आपला शेतकरी सोयाबीन पेरताना बियाण्याला रायझोबियम चोळतो, ते याचसाठी. तोरोमिरोचं पाकीट कुठल्या कृषी सेवा केंद्रात मिळणार? चिलीच्या संशोधकांनी आता या बाजूनेही काम सुरू केलं आहे, आणि बेटावरच्या वनखात्याच्या रोपवाटिकेत, आडोशाला, रोपं वाढवली जात आहेत. तिथे काम करणारे रापा नुईचेच लोक आहेत, हे मला जिवाणूंइतकंच महत्त्वाचं वाटतं. बाहेरून आणून खोचलेल्या रोपाला पाणी कोण घालणार, हा प्रश्न जगभर कुठल्याही वृक्षारोपणाला लागू आहे. तो फोटो काढून झाल्यावर विचारला जातो, एवढंच.

राहता राहिली ती तोतया ठरलेली झाडं. त्यांना उपटून टाकावं असं काहीजण म्हणतात, संकराची भीती कायमची मिटेल म्हणून. मी त्या बाजूचा नाही. आज जो संकर वाटतो त्यात उद्या एखाद्या हरवलेल्या तोरोमिरोचा अर्धा वाटा निघू शकतो, आणि डीएनएची साधनं दर दहा वर्षांनी अधिक बारीक होत आहेत. झाडं राहू द्यावीत, अस्सल झाडांपासून लांब हलवावीत आणि पाटी तेवढी आज बदलावी. नवी पाटी लावताना जुनीवरचा मजकूर आणि बदलाची तारीख वहीत उतरवून घ्यावी.